रुमालाखालची तीन वर्षे

सौद्यात मला हरवणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि बैलाला शिंगे पुढच्या बाजूला असतात यापलीकडे त्याला बैलातले काही कळत नाही. हा माणूस म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडवणीत त्यांची पिठाची गिरणी आहे. मी बैलांचा व्यापारी. बाप दुसऱ्याची मेंढरे राखायचा. मी एका खोंडावर धंदा सुरू केला आणि आज मी बाजारात पाय ठेवला की दलाल हातातली बिडी विझवतात. अशा माणसाला एका पीठवाल्याने भर दुपारी, माझ्याच घरात बसून, गंडवले. त्याला तीन वर्षे होऊन गेली. राग अजून उतरलेला नाही. आत्ता लिहायला बसलोय तरी दर चार ओळींनी उठून अंगणात एक फेरी मारून येतो.

साडूभाऊंना दोन परदेशी भाषा येतात, फ्रेंच आणि आयरिश. त्या कुणाशी बोलायच्या, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. माझी मुलगी बीडला नर्सिंग शिकत होती, तेव्हा तिने आपला जुना मोबाइल काकांना दिला आणि त्यात भाषा शिकवणारे एक अ‍ॅप घालून दिले. त्यांनी फ्रेंच धरली. फ्रेंचला नाकातून बोलावे लागते, आणि ज्याच्या नाकात चाळीस वर्षे पीठ जात आहे त्याला ते काय अवघड! गिरणी सुरू असली की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून हे ओरडून सराव करायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचे, म्हातारा चक्कीत बोट अडकून बोंबलतोय. मग एक दिवस पिठाने माखलेला अंगठा मोबाइलवर घसरला आणि आयरिश उघडली. साडूभाऊंनी बारा दिवस तीच फ्रेंच समजून घोकली. पुढचे धडे जरा अवघड आहेत, एवढेच त्यांना वाटले. चूक कळल्यावर माझ्या मुलीने ती भाषा बंद करून द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, "अर्धं दळलेलं कुणी परत गोणीत भरतं का?" तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार फ्रेंच, मंगळवार, गुरुवार, शनिवार आयरिश, रविवारी चक्कीच्या दगडाला टाकी लावायची आणि मराठी.

या दोन भाषांची तुलना हा त्यांचा आवडता विषय, आणि गिरणीतल्या रांगेला पळून जायची सोय नसते. "फ्रेंच म्हंजे मैदा बघा," ते डबा ठेवायला आलेल्या बाईला सांगायचे. "तीनदा चाळलेला. लिवताना शब्द लांबलचक लिवत्यात आन् बोलताना शेपटी गिळून टाकत्यात. आयरिश म्हंजे आपली ज्वारी. तिच्यातबी न बोलायची अक्षरं लई, पण ती मधीच बसलेली. कोंड्यासकट खायची." बाई म्हणायची, "ते र्‍हाऊ द्या, माझी ज्वारी बाजरीवर दळू नका म्हंजे झालं." वारांचा परिणाम वागण्यावरही व्हायचा. फ्रेंचमध्ये आपल्यासारखे तू आणि तुम्ही असते. आयरिशमध्ये मान द्यायचा म्हणून वेगळे तुम्ही नाही, कलेक्टर असो की गुराखी, सगळे तूच. त्यामुळे सोमवारी हा माणूस माझ्या गड्यालाही "तुमी बसा" म्हणायचा आणि मंगळवारी चार लोकांत मला, "काय बे, कधी आलास?" पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी पायातली चप्पल काढली होती. माझ्या बायकोने मध्ये पडून सांगितले, "अहो, आज मंगळवार हाय. दाजींचा आयरिश वार!" मी चप्पल घातली, पण चहा घेतला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आयरिश भाषेत साधे 'हो' आणि 'नाही' हे शब्दच नाहीत. जाशील का विचारले, तर जाईन म्हणायचे किंवा जाणार नाही म्हणायचे. नुसती मान हलवून सुटका नाही. साडूभाऊंनी यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला, की हो-नाही सांगायचेच नाही. माझे दळण झाले का, असे विचारले की म्हणायचे, "दळतोय." मिरच्या दळता का? "दळायचो." ज्याचा सगळा धंदा हो आणि नाही यांच्यावर चालतो, त्याच्या डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय! तरी कबूल करतो, कधीकधी मला त्यांचे ऐकावेसे वाटे. आयरिशमध्ये गायीला बो म्हणतात आणि रस्त्याचा शब्द म्हणे त्या गायीवरूनच आला. ज्यावरून गाय जाते तो रस्ता! शहाण्या लोकांची भाषा दिसते, असे मी म्हणालो होतो. फ्रेंच माणूस ऐंशीला चार विसा म्हणतो आणि जुने आयरिशही विसांतच मोजत, हे ऐकल्यावर मला बाप आठवला. तो मेंढरे विसांतच मोजायचा. त्या दिवशी मी दोन कप चहा प्यालो.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, ती वेगळी. मुलीचे शिक्षण झाले, बीडला नोकरीही लागली. मी तिच्यासाठी माजलगावकडचे एक स्थळ बघून ठेवले होते. आणि एक दिवस पोरगी म्हणाली, आयर्लंडला म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात नर्स म्हणून बोलावणे आले आहे. तिच्या मैत्रिणी आखातात गेल्या, जर्मनीला गेल्या. हिलाच आयर्लंड कावून? कारण काकांच्या गिरणीत बसून बसून ते गाव तिला शेजारच्या धारूरइतके जवळ वाटू लागले होते. मी न्हाई म्हणालो. तीनदा म्हणालो, तिसऱ्यांदा ताट भिरकावून. आठ दिवस मी गोठ्यातच जेवलो.

नवव्या दिवशी साडूभाऊ आले. शुक्रवार होता, म्हणून "तुमी" म्हणत होते. मी भाषणाच्या तयारीने बसलो होतो. त्यांनी भाषण केलेच नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला.

बैलबाजार ज्याने पाहिला नाही त्याला सांगतो. आमच्यात भाव तोंडाने करत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटे दाबायची. आकडा त्या दोघांतच राहतो. समोरच्याने दाबले की आपण कमी करून दाबायचे. जुळले की हात सोडायचे, आणि मग सौदा मोडायचा नाही. मोडला, तर परत त्या बाजारात तोंड दाखवता येत नाही. आणि जो मध्ये पडतो, तो त्या जनावराला जामीन असतो.

साडूभाऊंनी पाच बोटे दाबली. "वर्षं," एवढेच म्हणाले. माझ्या हाताला तीस वर्षांची सवय! त्याने मला न विचारता एक बोट दाबले. त्यांनी चार दाबली. मी भडकलो, दोन दाबली. त्यांनी तीन. पाचाची तीन केली या खुशीत मी तीन दाबून हात सोडला. रुमाल बाजूला झाला तेव्हा दारात बायको रडत हसत होती आणि पोरगी काकांच्या पाया पडत होती. मुलीला पाठवायचे की नाही, हा प्रश्न होता. या गिरणीवाल्याने तो किती वर्षांसाठी पाठवायचे असा केला, आणि मी, बाजारातला वाघ, भाव पाडत बसलो! ही युक्ती मीच शेकडो गिऱ्हाइकांवर वापरली आहे. बैल पाहिजे का, असे मी कधी विचारत नाही. तांबडा का पांढरा, एवढेच विचारतो.

पोरगी गेली. तिकडे सगळा कारभार इंग्रजीत, आयरिश बोलायला कुणी भेटेना. पण आश्रमात एक आजी होत्या, दिवसदिवस गप्प असायच्या. पोरीने एकदा काकांचे वाक्य म्हणून बघितले, "कनस अता तू?" म्हणजे कशी आहेस तू. आजींनी डोळे उघडले, खळखळून हसल्या आणि विचारले, हे बोलणे कुठल्या गावचे? पोरीने सांगितले, वडवणीचे. तेव्हापासून आजी तिच्याच हातून जेवतात. हे ऐकून साडूभाऊंनी त्या दिवशी कुणाकडून दळणाचे पैसे घेतले नाहीत.

तीन वर्षे गेल्या महिन्यात भरली आणि पोरीचा फोन आला, "बाबा, आणखी दोन वर्षं राहू का?" मी तडक वडवणी गाठली. गिरणीपुढे चार-पाच बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मी दारातूनच ओरडलो, "साडूभाऊ, सौदा फिरला! तुमी जामीन हायेत, बोला!" मंगळवार होता. त्यांनी मोटर बंद केली. इतकी शांत गिरणी मी कधी ऐकली नव्हती.

"मलाबी फोन आलता," ते म्हणाले. "ती येनार म्हनून मी शंभर वाक्यं पाठ करून ठिवलीत बे. बोलू कुनाशी?" मग डोळ्यांतले पीठ पुसत, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "फ्रेंच मानूस म्हनतो, मी दुःखी हाय. आयरिश मानूस तसं न्हाई म्हनत. तो म्हनतो, माझ्यावर दुःख हाय. पाठीवर गोनी असती तसं. म्हंजे उतरतीबी."

 खांद्यावरचा रुमाल मी त्यांच्या हातावर टाकला आणि खालून हात घातला. दोन म्हणायचे, एक म्हणायचे, की झिडकारून टाकायचे, काही ठरवून आलो नव्हतो. त्यांचा हात गरम होता, पिठाने मऊ. मी वाट बघितली, त्यांनीही बघितली. कुणीच बोट दाबले नाही. बाजारात रुमालाखाली हात असा फार वेळ राहिला की लोक समजतात, मोठा सौदा चालला आहे, आणि आवाज न करता बाजूला सरकतात. रांगेतल्या बायकांनाही तसेच वाटले असावे. कुणी आपला डबा पुढे केला नाही.