साडूचा पंप आणि माझा नारळ

खंडेनवमीला मी माझ्या साडूच्या कॉम्प्युटरवर नारळ फोडला. कॉम्प्युटरसमोर नव्हे, कॉम्प्युटरवर.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या सासुरवाडीत नव्या जावयाला माझी ओळख अजूनही याच वाक्यानं करून दिली जाते. पण सांगायचं आहे ते साडूंबद्दल. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूला धरून उभी आहे, आणि कोण कुणाला धरून उभं आहे एवढं कळलं की जगात अडचण म्हणून उरत नाही, असं छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं नवरा म्हणून निवडला. मी गारगोटीला शाळेत भूगोल शिकवायचो. नद्या, डोंगर, वारे, सगळं जिथल्या तिथं. साडूंच्या जगात मात्र काहीच जिथल्या तिथं नसायचं. एक हललं की सगळं हलायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडच्या माडीवर साडूंनी डिझाइनचं ऑफिस थाटलं आणि त्यात वर्कस्टेशन नावाचं एक धूड आणलं. त्याचा मॉनिटर टेम्पोतून उतरवायला खालच्या लेथवरची माणसं बोलवावी लागली. सासरे बघायला आले होते. त्यांनी विचारलं, "एवढा दांडगा टीव्ही, आन् पिक्चर दिसत न्हाय?" घरात साडू उन्हाळाभर पंख्याखाली घामाघूम होत, पण ऑफिसात त्या यंत्रासाठी एसी. आत जायचं तर चपला बाहेर, पाय पुसून, आणि आवाज खाली. मेहुणी म्हणायची, "अंबाबाईच्या देवळात बी एवढं कडक न्हाय, दाजी."

त्या यंत्रात करायचं काय, हे मला साडूंनी पहिल्याच दिवशी समजावलं. "दाजी, कागदावरचं ड्रॉइंग म्हणजे फोटो. फोटोतल्या माणसाला आपण जेवायला घालू शकत नाही. ह्यातली वस्तू जिवंत असते. भोक पट्टीच्या मध्यावर पाहिजे असं एकदा सांगितलं, की मग पट्टी कितीबी लांबवा, भोक मध्यावरच." आणि त्यांनी एक आकडा बदलला. यंत्र बराच वेळ घुमलं. आमचा चहा पिऊन झाला. मग काळ्या पडद्यावर ती पट्टी लांब होऊन उभी राहिली, आणि खरंच, भोक आपल्या पायानं चालत मध्यावर आलं होतं. मी भूगोलाचा मास्तर. पण मुलांना पृथ्वी फिरते असं सांगताना जे मला कधी वाटलं नव्हतं, ते त्या भोकाकडे बघून वाटलं. मी नकळत हात जोडले.

ही विद्या साडूंनी यंत्रापुरती ठेवली असती तर प्रश्न नव्हता. घराची वरची खोली बांधताना ते गवंड्याशी भांडले. म्हणे, खिडकी कोपऱ्यापासून मोजू नका, भिंतीच्या मध्यापासून मोजा, उद्या भिंत वाढली तर खिडकी एका अंगाला राहील. गवंडी थापी खाली ठेवून म्हणाला, "सायेब, भिंत कशाला वाढंल? तिला काय पाणी घालताय व्हय?" पांढरा रस्सा करताना ते मेहुणीमागं उभे राहून सांगत, "मटण धरून बाकीचं ठरव, पाणी धरून नको." एकदा तर त्यांनी शिंप्याला सांगितलं, बाकीची मापं घेऊच नका, फक्त गळ्याचं घ्या, त्यावरून सगळा शर्ट निघतो. शर्ट निघाला. पण साडूंचा गळा होता तसा राहिला आणि पोटानं मात्र स्वतंत्र धोरण स्वीकारलं. एका बारशात वाकून पाया पडताना पोटावरचं बटण उडून पाळण्यात गेलं. घरी येताना साडूंनी रिकाम्या काजावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गणित बरोबर होतं. सगळं चुकीच्या मापाला टांगलं होतं, दाजी." दुसरा कुणी लाजला असता. साडूंना शोध लागला होता.

एवढं असून फौंड्रीवाले त्यांच्याकडे फिरकत नव्हते. इथं पिढ्यान्‌पिढ्या सागवानाचा नमुना कोरायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. पडद्यावरचा पंप बघून लोक "छान हाय" म्हणत आणि चहा पिऊन जात. शेवटी गडमुडशिंगीकडचे एक आण्णा तयार झाले. मोठी फौंड्री, मोठा आवाज. म्हणाले, "पंपाची बॉडी करून दाखव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो बगायला. पटलं तर हितनं पुढं सगळी डिझाइनं तुझ्याकडं. न्हाय पटलं तर त्यो डबा इकून टाक आन् माझ्याकडं सुपरवायझर म्हणून ये." आण्णांनी ते प्रेमानंच सांगितलं होतं. साडूंना ते शिक्षेसारखं लागलं. ते तीन आठवडे त्या पंपाला भिडले. मेहुणी जेवणाचा डबा खालीच लेथवाल्यांकडे ठेवून जायची.

आणि खंडेनवमी आली. उद्यमनगरात त्या दिवशी यंत्रांची पूजा. लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. खाली लेथच्या लोखंडी पाटावर नारळ फुटत होते, ठाक ठाक. मी थोरला जावई, म्हणून माडीवरच्या पूजेचा मान मला. साडू फुलं आणायला खाली गेले होते. पडद्यावर पंप झळकत होता. मी इकडं तिकडं पाहिलं. लोखंडाचं असं एकच काही दिसलं, टेबलाखालचं ते खोकं. मी श्रद्धेनं त्याच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. नारळ पहिल्या फटक्यात फुटला, याचं मला क्षणभर कौतुकही वाटलं. पाणी वरच्या जाळीतून आत गेलं. फोडणीत मोहरी टाकावी तसा आवाज झाला आणि पंप अंधारात गेला.

साडू फुलं घेऊन दारात उभे होते. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दोन वाट्यांकडे. मी शिव्यांची वाट बघत होतो. ते म्हणाले, "दाजी, खोबरं वाटा सगळ्यांना." एवढंच. मला त्या दिवसापासून शांत माणसांची भीती वाटते.

दुरुस्ती पुण्यात, तीही सणानंतर. त्यांनी टेपवर पंपाची एक प्रत काढून ठेवली होती, पण ती वाचणारं यंत्र आसपास दुसरं नव्हतं. तेच सॉफ्टवेअर वारणेकडच्या एका कॉलेजात होतं, टेप वाचायची सोय मात्र तिथंही नव्हती; पंप पहिल्यापासून काढायला लागणार होता. तिथले सर साडूंच्या ओळखीचे. सुट्टी होती, त्यांनी किल्ली दिली. दसऱ्याला सकाळी साडूंनी स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "बसा मागं. तुम्ही नजरेसमोर असलेले बरे." जग सोनं वाटत होतं आणि मी एका बंद कॉलेजात स्टुलावर, हात मांडीवर ठेवून बसलो होतो. कशालाही शिवायचं नाही, अशी अट होती.

तिथं मी जे पाहिलं ते सांगायला माझी भाषा तोकडी आहे. साडूंच्या समोर कागद नव्हता. ते थोडा वेळ डोळे मिटून बसले, मग म्हणाले, "आधी कोण?" हे मला विचारलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, "आतला पंखा." आणि पंख्याचा आस पडद्यावर पहिल्यांदा उमटला. त्याला धरून पोकळी आली, पोकळीला धरून भिंत, भिंतीला धरून तोंड. एखादी आजी चार पिढ्यांची नाती न अडखळता सांगते, हा याचा, ती त्याची, तसा तो पंप जन्माला येत होता. दसऱ्याचा दिवस आणि दुसरी सकाळ, एवढ्यात ते तीन आठवड्यांचं काम उभं राहिलं. मी शपथेवर सांगतो, मी कशालाही शिवलो नाही.

आण्णा जीपनं थेट कॉलेजातच आले. पंप सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. चेहऱ्यावर काही नाही. मग बोट टेकवून म्हणाले, "तोंड बारीक हाय. मोठं पायजे. आता करतोस, का म्हैन्यानं?"

साडूंनी आकडा बदलला. यंत्र घुमायला लागलं. पंप पडद्यावरून नाहीसा झाला. एखादं नातं चुकलं असेल तर आता सगळ्याचे तुकडे होतात, हे मला ठाऊक होतं. साडूंची मानगूट घामानं भिजलेली मला मागून दिसत होती. आण्णांनी घड्याळ पाहिलं. आणि मग पंप आला. तोंड मोठं, त्याभोवतीची कडा रुंद, भिंत जाड, आणि बोल्टची भोकं आपापल्या जागी मागं सरकून उभी, मंडळींना वाट करून दिल्यासारखी.

आण्णांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग हळू आवाजात, जो त्यांचा नव्हताच, म्हणाले, "बोल्ट कुणी सरकवलं?"

"कुणी नाही आण्णा. त्यांचं त्यांना कळलं."

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुपरवायझरची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. साडूंच्या ऑफिसात आता पातळ पडद्यांची रांग आहे, आणि चहा ओतायच्या आत पंप मोठा होतो. साडूंना ते आवडत नाही. म्हणतात, यंत्र घुमायचं तेव्हा आपल्याला भ्यायला वेळ मिळायचा. जुनं धूड पुण्याहून दुरुस्त होऊन आलं होतं. ते आता कोपऱ्यात नुसतं बसून असतं. दर खंडेनवमीला पहिली माळ त्यालाच. गेल्या खेपेला माळ घालताना साडू थांबले. केस पांढरे झालेत, पोटानं आपलं धोरण पुढं चालू ठेवलंय. त्या खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दाजी, एक सांगायचं राहिलंय. यातला पहिला पंप मी बुडापासून मोजत आणला होता. चुकीच्या मापाला टांगलेला, त्या शर्टासारखा. दुरुस्तीनंतर मी त्याचं तोंड मोठं करून बघितलं. तुकडे झाले. आण्णांसमोर तो असता तर आज मी मुडशिंगीत हजेरी मांडत असतो."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मान खाली घालून जेवलेला माणूस मी. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "म्हणजे हे सगळं माझ्या नारळामुळं उभं राहिलं तर."

मेहुणीनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"दाजी, कावळा बसला आन् फांदी मोडली, म्हणून कावळ्याला कुणी सुतार म्हणत न्हाय. बाहेर थांबा."