जेवलास कुठं?

ती घटना आठवली की अजूनही हातातला घास क्षणभर थांबतो. त्या वेळी मी हवालदार होतो, नेमणूक हातकणंगल्याच्या बाजूला. माझं गाव परभणीकडचं. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि शिपाई म्हणून भरती होऊन इतक्या लांब आलो. शिक्षण कमी असल्याची धास्ती नोकरीभर गेली नाही. कागदात चूक झाली तर? म्हणून कुठलंही कलम लिहिण्याआधी मी पुस्तक उघडून पुन्हा पुन्हा वाचायचो. ठाण्यातले हसायचे, "काय हवालदार, परीक्षा हाय व्हय आज?"

राहायला एका जैन शेतकरी कुटुंबात खोली मिळाली होती. घरमालकीण काकू मला पोटच्या पोरासारखं वाढायच्या. एकच नियम होता, दिवस मावळायच्या आत जेवायचं. सूर्य बुडाला की चूल बंद. ड्युटीवरून उशीर झाला तर मी खानावळीत जायचो. घरापासून इतक्या लांब मला या लोकांनी आपलं मानलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच ही केस जड गेली.

एका संध्याकाळी, दिवे लागल्यानंतर, फाट्याजवळ एका पिकअप गाडीनं हिरव्या सायकलवरच्या माणसाला उडवलं. गाडी थांबली नाही. जखमीला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. तो शुद्धीवर नव्हता आणि वाचेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. पंचनाम्यात हाती लागल्या फक्त हेडलाइटच्या काचा.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. कोल्हापुरात शाहूपुरीतला एक मेकॅनिक होता. "साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. एक पिकअप आलीया, डाव्या अंगाचा लाइट फुटलाय. माणूस म्हणतोय म्हशीला धडकली. म्हशीला धडकल्यावर गाडीला हिरवा रंग कसा लागंल?"

त्यानं दिलेला गाडीचा नंबर मोबाइलवर टाकला. मालक म्हणून एका वयस्कर बाईचं नाव आलं. मला नवल वाटलं नाही. इकडं बऱ्याच घरांत नवी गाडी आईच्या नावावर घेतात, पहिला नारळ तिच्या हातून फोडतात. पुढं ती गाडी कोण कुठं नेतं, हे आईला ठाऊकही नसतं.

आम्ही जायच्या आत बाईंचा थोरला मुलगा स्वतःच ठाण्यात हजर झाला. हातात कागदांची पिशवी, मागं ड्रायव्हर. आरसी, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन, सगळं जागेवर. माझा अनुभव असा, की कागद मागितले तर माणूस पिशवीच पुढं करतो. गाडी कोण चालवत होतं असं विचारलं की पाणी मागतो. इथं मात्र न विचारता नाव समोर आलं होतं. मनात खटकलं ते तिथंच.

"ह्योच चालवत हुता. चुकी झाली म्हणतोय. करा काय करायचं ते."

ड्रायव्हर पंचविशीतला. मान खाली. मी नाव-गाव विचारलं आणि तो म्हणाला, "मव्हं गाव तिकडं जिंतूरच्या पल्याड, साहेब." माझ्याच मुलखातला! इतक्या वर्षांनी ती बोली कानावर पडली.

मी त्याला एकट्याला आत घेतलं. अपघाताबद्दल विचारलं तेव्हा पाठ केल्यासारखं सांगत गेला: सायकल आडवी आली, ब्रेक मारला, घाबरून पळालो. एका शब्दाचा फरक नाही. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

"इकडचं जेवण मानवलं का रे?"

"मानवलं की."

"त्या दिवशी जेवलास कुठं?"

"फाट्यावरच्या खानावळीत. रोज तिथंच. मालकाकडं दिवस मावळला की चूल विझती, अन् मपलं काम सरतंच तवा."

"म्हणजे दिवे लागल्यावर?"

"हां, दिवे लागल्यावरच..."

तो थांबला. कप हातात तसाच राहिला. दिवे लागल्यावर तो जेवत होता, तर गाडी कोणाच्या हातात होती?

खानावळवाल्याकडं जाऊन त्या ड्रायव्हरबद्दल विचारलं. तो मोठ्यानं बोलणारा गडी. "इसरतोय व्हय मी? धडाम आवाज झाला, सगळी पंगत बाहेर पळाली, आन् ह्यो पठ्ठ्या एकटाच बसून भाकरी मोडतोय! मी म्हटलं, पावणं, काय काळीज हाय का न्हाय? तर म्हणतोय, रस्सा गार हुतोय."

परत येऊन ड्रायव्हरला हे सांगितलं तेव्हा तो रडला. "मह्या आईच्या डोळ्याचं आपरेशन मालकानं करून दिलं, साहेब. धाकल्या मालकाचं लगीन ठरलंय, त्यायच्याकडं लायसन न्हाई. मी उपकार कसा फेडू?"

उपकाराचं ओझं मला कुणी शिकवायला नको होतं. पण तो दवाखान्यातला माणूस दगावला असता, तर हा पोरगा न केलेल्या गुन्ह्यापायी तुरुंगात गेला असता, आणि त्याच्या आईनं बऱ्या झालेल्या डोळ्यांनी तेच बघितलं असतं.

रात्री पुस्तक काढलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० खाली कागद मागता येतात. ते मागून झाले होते. कलम १३३ पुढचं आहे: गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता, लायसन हे सांगायला गाडीचा मालक बांधलेला आहे. आणि मालक थोरला मुलगा नव्हता.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला शिपाई बरोबर घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. थोरला दारातच आडवा झाला. "आईला कशाला तरास? तुमी आमच्याच माणसात ऱ्हाता न्हवं? त्यांचं मीठ खाता की!"

ते लागलं. मी म्हणालो, "खातो. म्हणूनच आज वर्दीत आलोय, घरचा माणूस म्हणून नाही. गाडी तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांना विचारू द्या."

बाई नुकत्याच बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून, आल्या होत्या. कपाळावरचं गंध ओलं होतं. त्यांना अपघातच माहीत नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या डायवर पोराला आई हाय?"

"हाय. लांब. माझ्या गावाकडं."

"आन् पडलेल्या माणसाला?"

"बायको हाय. दवाखान्याच्या दारात बसून हाय."

थोरला काही बोलायला गेला. बाईंनी हात वर केला. "गाडी माझ्या नावावर हाय न्हवं? मग उत्तर बी माझंच." आणि आतल्या खोलीकडं तोंड करून धाकट्याला हाक मारली, "ये बाहेर. चप्पल घाल."

तो आला. रडत होता, पण आला.

जखमी माणूस वाचला. पाय अधू राहिला. धाकट्यावर खटला चालला. ड्रायव्हरची नोकरी बाईंनी जाऊ दिली नाही. थोरला पुढं कितीतरी दिवस रस्त्यात भेटला की मान वळवायचा. मला ते बोचायचं, पण मी समजू शकत होतो.

मी त्या केसमधून शिकलो ते हे: आपल्याला दिलेला अधिकार हा गप्प माणसाकडं जाण्याचा रस्ता असतो. बोलणारे पुढं येऊन उभे राहतात, पण उत्तर द्यायचा हक्क बऱ्याचदा आत बसलेल्याचा असतो. आणि उपकार फेडायला निघालेला माणूस खोटं फार मनापासून बोलतो. त्याच्यावर ओरडून काही हाती लागत नाही.

त्या दिवशी बाईंचा जबाब घेऊन खोलीवर आलो तेव्हा दिवस मावळला होता. काकूंना गोष्ट आधीच कळली होती, त्यांच्या नात्यातलंच घर ते. मी न बोलता खानावळीकडं निघालो, तर ओट्यावरून हाक आली.

"हवालदार, मगाशीच भाकऱ्या करून ठेवल्यात. गार झाल्यात, पर घरच्या हायत. बसा."