कान लावून

आखातातल्या बुदैया गावच्या शेतांतल्या खारट झालेल्या बोअरवेल सिमेंटनं बुजवायच्या, हे रत्नागिरीच्या चाचांचं काम. बुजवून झालं की गळतीचा आवाज येतो का, म्हणून ते सिमेंटला कान लावून बसत. आम्ही हसायचो.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये भारतानं जमिनीखाली अणुस्फोट केले. मी आमच्या वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

"भोक कशानं बुजवलानी?" चाचांनी विचारलं.

"वाळू-सिमेंटनं असेल."

"मग कान कोणी लावलान?"

मी पेढ्यांचा खोका घेऊन पुढे सरकलो.

पंधरवड्यानं पाकिस्ताननंही स्फोट केले. आमचा लाहोरी वेल्डर बर्फी घेऊन आला. चाचांनी त्यालाही हिंदीत तेच विचारलं. त्यांच्या हातावर बर्फी ठेवून तोही पुढे सरकला.

चाचांच्या डब्यात माझा पेढा तसाच होता. शेजारी बर्फी ठेवून त्यांनी झाकण घट्ट दाबलं आणि डब्याला कान लावला.

आम्ही दोघंही हसलो नाही.