चिकटलेले डोळे

लग्नानंतर आम्ही कोरेगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नवरा बाजारपेठेत एका दुकानात कामाला होता. घरात दिवसभर मी आणि मांजर. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं असतील.

एका सकाळी मांजर उठलं तेव्हा त्याचे दोन्ही डोळे पिवळ्या घाणीने चिकटलेले होते. नाकातून शेंबूड गळत होता, श्वासाला घरघर येत होती. दूध पुढे ठेवलं तर तोंडही लावेना.

घरमालकीण दारात आली. "माज्या नातवाचं डोळं आल्यात, ते ह्याच्यामुळंच. टाकून ये कुटंतरी."

"काकू, शाळेत निम्म्या पोरांचे डोळे आलेत. तिथं काय मांजर जातं का?"

"लय बोलतीस," एवढंच म्हणाली आणि दार आपटून गेली.

मी मांजराला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हसले. "बाई, इथं म्हशी बघायला वेळ नाही आणि तुम्ही मांजर आणताय?" मी बाकावरून हलले नाही. शेवटची म्हैस गेल्यावर त्यांनी नाइलाजाने बघितलं. सर्दी आहे, म्हणाले. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून डोळे, नाक पुसायचं, मलम घालायचं, मोरीत गरम पाण्याची वाफ द्यायची. "नाक चोंदलंय म्हणून खात नाही. वास आला की खाईल."

मांजराला घरी सोडून मी मलम आणायला गेले. परत आले तर मांजर नव्हतं.

"तुज्या मालकानं न्हेलं," घरमालकीण ओट्यावरून म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

नवरा जेवायला आला होता. मान खाली घालून म्हणाला, "पोत्यात घालून बाजाराच्या मैदानात सोडलं. काकू खोली सोडा म्हणत होत्या. मी तरी काय करू?"

त्याला उत्तर न देता मी निघाले. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान मोकळं होतं. पोतं पडलेलं दिसलं आणि त्याच्या शेजारी मांजर. जिथं सोडलं तिथंच बसून होतं. त्याला दिसतच नव्हतं, जाणार कुठं? माझा आवाज ऐकून त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "उद्या मला दिसायचं बंद झालं तर मलाही पोत्यात घालशील का?"

"काय बोलतेस हे!"

"विचारतेय."

तो चपला घालून दुकानात निघून गेला.

पुढचे आठ दिवस मी मांजराचे डोळे पुसत होते. ते ओरबाडायचं, हाताला चावायचं. वाफ देताना घरमालकीण बाहेरून मोठमोठ्याने शिव्या द्यायची, म्हणून तिला दिसावं असं मी मुद्दाम मोरीचं दार थोडं उघडं ठेवायची. नवव्या दिवशी बोंबील भाजले. वासाने मांजर धडपडत चुलीपाशी आलं आणि त्याने ताटलीतला अख्खा तुकडा खाल्ला. उजवा डोळा स्वच्छ झाला होता, डाव्यावर मात्र पांढरा पडदा राहिला तो कायमचा.

नातवाचे डोळे तर चौथ्या दिवशीच बरे झाले होते. पण मांजराचा त्यात दोष नव्हता, हे घरमालकिणीने कधी कबूल केलं नाही. दोन महिन्यांनी आम्ही खोली सोडली. निघताना तिच्या पाया पड, असं नवरा दोनदा म्हणाला. मी पडले नाही. आणि त्यालाही मी त्या पोत्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.