शिवता न आलेले पाय

देवीवर माझा राग होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अजूनही आहे. माझी सुमन जन्मली तेव्हा रडलीच नाही. मेंदूला इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले. पाय कडक राहिले, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढायच्या. आम्ही तेव्हा कोराडीला, वीजकेंद्राच्या वसाहतीत राहत होतो. नागपूरच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला घरी करायचा व्यायाम शिकवला होता. गादीची घट्ट वळकटी करायची, तिच्यावर सुमनला दोन्हीकडे पाय सोडून बसवायचं आणि मांड्या हळूहळू बाहेर न्यायच्या. सकाळ-संध्याकाळ. खंड पडला तर पाय आखडतील आणि पोरीचं बसणंही जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. तिला स्वतःचं स्वतः बसून जेवता येऊ लागलं, यात माझी सगळी उमर गेली.

सुमन बारा वर्षांची झाली त्या वर्षी मी नवस केला. नवरात्रात घट बसवीन, अखंड दिवा स्वतः सांभाळीन, पोरीला तेवढी पायांवर उभी कर. आणि देवीची करणी बघा! घट बसले आणि सुमनला पहिल्यांदा पाळी आली. एरवी पोरगी शहाणी झाली की ओटी भरतात, गोडधोड करतात. हिची कोण भरणार? सासूबाईंनी तिचं अंथरूण मागच्या ओसरीत नेलं. "घट तुह्या हातचा आहे, तू तिले शिवू नको. मी पाहतो तिचं." त्यांनी तिला जेवू घातलं, धुतलं, ते मी नाकारत नाही. पण व्यायाम त्यांना जमेना. हे म्हणाले, बायकांच्या गोष्टीत मी काय बोलू, आणि ड्यूटीवर निघून गेले. ज्या पायांसाठी घट बसवला, त्याच पायांना शिवायची मला बंदी! बघता बघता सुमनचे गुडघे पुन्हा जुळले. ती ओसरीत कळवळत होती आणि मी दिव्यात तेल घालताना मनातल्या मनात देवीला शिव्या देत होते.

तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या कौसल्याबाई मागच्या दाराने आल्या. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. देवीदेवतांशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि आमच्या घराने त्यांना कधी ओसरीच्या आत घेतलं नव्हतं.

"पोरगी काहून रडून राहिली वं?"

मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि वळकटी ओढली. "मले कशाचा आला विटाळ? सांग, कसं करू."

मी उंबरठ्याच्या आत उभी, त्या बाहेर. "गुडघा नका धरू, मांडी धरा. हळू. तिला श्वास सोडू द्या." त्यांनी आधी जास्तच जोर लावला, सुमनने त्यांना ओरबाडलं. "अवो बाप्पा, पोरगी आहे का वाघीण!" म्हणून त्या हसल्या, पण हात सोडला नाही. हळूहळू मांड्या सुटल्या. सुमन गप्प झाली, मग तीही हसली. माझ्या पोरीला दुसरं कोणी हात लावतंय आणि मी नुसती बघतेय, याचा मला जीव जाईल इतका संताप आला, आणि सुटकाही वाटली.

सुमनचं पाचव्या दिवसाचं न्हाणं होईपर्यंत त्या रोज येत राहिल्या. न्हाणं झालं त्या दिवशी मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "माझ्यासाठी तुमच्या रूपानं देवीच धावून आली." त्यांनी पाय मागे घेतले.

"मले देवी नको करू वं. देवीले तुमी पाटावर बसवता. मी बाई आहो. मले घरात बसवून चहा पाज."

मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन आमच्याच कपातून चहा दिला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

सुमन पुढे कधीच उभी राहिली नाही. नवस फळला नाही, हे मी साफ सांगते. पण तिचं बसणं राहिलं, आणि ते ज्या हातांनी राहिलं त्या हातांसाठी मी रोज देवापुढे हात जोडते. कौसल्याबाईंना आवडणार नाही, तरी जोडते. स्वतःसाठी मागणं मात्र सोडलं. जे समोर येईल ते करायचं, बाकी देवीवर टाकायचं.

त्या नवरात्रानंतरच्या पुढच्याच पाळीला मी वळकटी देवघरासमोरच टाकली आणि सुमनला उचलून वर बसवलं.

"देवी कोपन," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "कोपू द्या. एक पाय मी धरलाय. तिला सवड असेल तर तिनं दुसरा धरावा."