डेफ, धूर आणि पोळ्याचा मान

माझा थोरला भाऊ लहानपणीच्या तापात बहिरा झाला. यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो.

वडील गेले आणि धावड्यात पोळ्याचा मान दादाकडे आला. आमच्या घरचा बैल तोरणाखालून आधी जातो, मागून सगळ्या गावाचे. चुलत्यांचा त्या मानावर डोळा होता. पोळा तोंडावर आला तसं त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर काढलं, "जालन्याच्या डॉक्टरनं पोराला काय म्हणलं ठाऊक हाय का? डेफ! मस्तगडच्या वकिलाला इचारून आलो मी. मूळ अर्थ, डोक्यात धूर भरलेला. अशाच्या हाती गावाचा मान?"

चावडी हसली. दादा समोरच बसला होता. त्याला हसणारी तोंडं तेवढी दिसली.

माझ्या अंगाची आग झाली. निजामाच्या राज्यात चोरून पत्रकं वाटणारा मी. सरकारी थापा ओळखायची सवय. म्हटलं, हीही थापच. तडक जालन्यातलं मस्तगड गाठलं.

वकीलसाहेबांनी जाडजूड इंग्रजी कोश पुढे सरकवला. "या पुढारी. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

पाहिलं. थाप बिलकुल नव्हती. डेफ हा फार जुना शब्द. जर्मन आणि डच भाषांत त्याची भावंडं आहेत. आणखी मागे गेलं की धूर, धूळ, गुंगी अशा अर्थाचं मूळ लागतं. ग्रीकांनी त्याच मुळापासून आंधळ्यासाठी शब्द केला. इंग्लंडात तर आत गर नसलेल्या पोचट फळालाही डेफ म्हणत. म्हणजे कान गेला की अक्कलही गेली, असं धरूनच चाललेले हे लोक. वा रे शहाणे! आणि आपण तरी कुठले सोवळे? आपला बहिरा संस्कृतातल्या बधिरावरून आला, आणि पाय बधिर झाला म्हणजे काय होतं ते कुणाला सांगायला नको.

परत आलो तर चुलते चावडीवरच. "गेल्ता न्हवं? निघाला का धूर?"

"निघाला, काका. शब्दात हाय. दादाच्या डोक्यात न्हाई."

"मंग हलगी वाजल्याली त्याला कळंल कशी? बैल बुजला म्हंजे?"

शेवटी गावानं ठरवलं, बैल दादानंच न्यायचा. पण तोरणाखाली बुजला तर मान कायमचा चुलत्यांकडे.

घरी आई म्हणाली, "तू भाषण नको ठोकू. काय ठरलं ते त्याला बराबर सांग."

दादासमोर बसून, सावकाश ओठ हलवत मी सगळं सांगितलं. धुराचंही सांगितलं. तो त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "धूर आईच्या चुलीत हाय. चल, शिंगं रंगवायचीत."

पोळ्याला चुलत्यांनी हलगीवाले मुद्दाम तोरणाला खेटून उभे केले. तिथंच ते चुकले. दरवर्षी हलगी कडाडली की आधी माणूस दचकतो, कासरा खेचतो, आणि त्यानं बैल बुजतो. आताही तेच झालं. रांगेतले सगळे कासरे ताणले गेले, चुलत्यांचा बैल तर आडवा फिरला. दादा मात्र चालत राहिला. कासरा ढिला, एक हात वशिंडावर. तो दचकलाच नाही, मग बैलानं कुणाला भ्यावं? झुलीसकट शांतपणे तोरण ओलांडून गेला.

पलीकडे गेल्यावर मानकऱ्यानं वळून गावाला हाक द्यायची, ही आमच्याकडची रीत. दादा वळला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो कधी आखडता घेत नाही. "या रं समदे! काका, तुमी आदी या!"

हलग्यांच्या वरून ती हाक वेशीबाहेर गेली. चुलत्यांनी आपला बैल सरळ केला आणि खाली मान घालून ते दादाच्या मागून आले.