जावई म्हणतील तो खुनी

अधिक महिन्यात जावई चुकत नाही. हा नियम मी केलेला नाही. अधिकात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून धोंड्याचं जेवण घालतात, आणि एकदा माणसाला नारायण म्हटलं की त्याच्या चुका काढायची सोय उरत नाही. माझा तर हा पहिलाच धोंडा! रविवारी सकाळी मी हिंगोलीहून बायकोला घेऊन सासुरवाडीला, हट्ट्याला, निघालो तो देवपणाची पूर्ण तयारी करूनच.

एसटीत बायकोनं बजावलं, "हे बघा, तिथं वाद घालू नका."

"मी कुठं वाद घालतो? मी फक्त बरोबर असतो."

"तेच करू नका!"

तिची भीती उगाच नव्हती. मागच्या अधिकात, आमचं लग्न व्हायच्या आधी, थोरले जावई म्हणजे माझे साडू इथंच धोंडे जेवायला आले होते. माझा मेहुणा संतोष त्यांच्याशी कबड्डीच्या कुठल्याशा नियमावरून हुज्जत घालत बसला. संतोष बरोबर होता (हीच त्याची चूक). साडू भरल्या ताटावरून उठले ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. थोरली लेक तेव्हापासून माहेरी यायची ती उभ्या उभ्या, पाणी पिऊन परत जायची. सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

जेवण झालं. तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे मी इतके हाणले की पाटावरून उठताना संतोषला हात द्यावा लागला. मग वाणात मिळालेलं अनारशांचं आणि दिव्याचं तांब्याचं ताट घेऊन मी टीव्हीसमोर लोडाला टेकलो. शनिवारी रात्री लागणाऱ्या विनोदी खुनाच्या मालिकेचा भाग दुपारी परत लागला होता. त्या मालिकेतला इन्स्पेक्टर खुनाच्या जागी आला की आधी चहा मागतो आणि मग प्रेत कुठंय ते विचारतो. या भागात मंगल कार्यालयाचा मालक ऐन लग्नात जिलबीच्या पाकात तोंड घालून मेलेला सापडला होता. संशय तिघांवर: आचारी, बँडवाला आणि फोटोग्राफर.

"तुम्ही कुणी पाहिलाय का हा भाग?" मी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "न्हाई बा!" सासरे जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

"मग ऐका. खून आचाऱ्यानं केलाय."

"पन दाजी," संतोष बोलून गेला, "त्यो फोटोग्राफर..."

सासूबाईंनी त्याच्या तोंडात अख्खा अनारसा कोंबला. "जावईबापू म्हनतेत तर आचारीच असंल. तुमी सांगा जावईबापू, काहून आचारी?"

एवढं उत्तेजन मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही (बायकोनं तर नाहीच). मी सरसावून बसलो. "बघा, नात्यातला ना गोत्यातला, तरी आचारी पहिल्यापासून रडतोय. इतकं कोण रडतं? ज्याच्या पोटात पाप आहे तो!"

"अन् त्यो कांदा चिरून राह्यला ते..." संतोष अनारसा गिळून पुन्हा निघाला.

"कांदा हे नाटक आहे!" मी गरजलो.

"व्हय, नाटकच!" सासरे म्हणाले.

"डोस्कं पाहा जावयाचं!" सासूबाई म्हणाल्या. बायको मात्र कपाळाला हात लावून बसली होती.

मग मला कुणी आवरलंच नाही. आचाऱ्यानं झारा कुठं लपवला, पाकाला तार कशी आली, मालकाला कसं ढकललं, सगळं मी उभं राहून करून दाखवलं. मालकाच्या जागी सासऱ्यांना वाकवलं. तेही बिचारे नारायणाची आज्ञा म्हणून रिकाम्या परातीत तोंड घालून निपचित पडले! मी प्रत्येक वाक्याला "बराबर?" विचारायचो आणि घर एका सुरात "बराबर!" म्हणायचं.

इकडं टीव्हीवर इन्स्पेक्टरनं तिसरा चहा संपवला आणि सगळ्यांना मांडवात गोळा केलं. "खुनी याच मांडवात आहे," तो म्हणाला. सासूबाईंनी संतोषकडं पाहिलं. संतोष हात धुवायला म्हणून उठला. इन्स्पेक्टरनं बोट उचललं, आणि लाईट गेली.

"गेली माय लाईट!" सासूबाई म्हणाल्या. इतक्या आनंदानं लाईट गेलेली मी कुठं पाहिली नव्हती.

आता मी वीज कार्यालयात नोकरीला. तिथं कारकून आहे आणि घरचा बल्ब बायको बदलते, ही गोष्ट सासुरवाडीला कळू दिलेली नव्हती. मी रुबाबात फोन काढून सबस्टेशनवर लावला. "माझ्या सासुरवाडीची लाईट घालवता? लाज नाही वाटत?"

"साहेब, हट्ट्याची लाईट चालू हाय."

"मी इथं घामानं निथळतोय आणि तू मला चालू सांगतोस?"

"फीडर चालू दाखवून राह्यला, साहेब."

"खोटं बोलतोय," फोन ठेवून मी जाहीर केलं. "मीच डीपी बघून येतो."

"नका जाऊ, जावईबापू, ऊन लागंल!" सासूबाई आडव्या आल्या. सासरे म्हणाले, "लाईट काय, जाती-येती!" पण अधिकातल्या नारायणाला अडवणार कोण? मी चपला घातल्या.

शेजारच्या राधामावशींच्या घरी कूलर घरघरत होता आणि टीव्ही पूर्ण आवाजात. मी दारात थबकलो. "मावशी, तुमच्याकडं लाईट कशी काय?"

"मीटर हाय म्हनून! या, बसा. फोटोग्राफरला धरला पाहा आत्ता."

"कुणाला?"

"फोटोग्राफरला. फ्लॅश उडत न्हाई म्हनत व्हता मेला, अन् फोटो समदे लख्ख! तुमच्या घरच्यांनी बी काल हितंच बसून पाह्यला की. समदे हसून हसून लोळत व्हते!"

मी परतलो. घरात पंखा बंद, सगळे घामाघूम, आणि सासरे माझ्या रिकाम्या लोडाला वर्तमानपत्रानं वारा घालत होते. मी सरळ मीटरच्या बोर्डाकडं गेलो. मेन स्विच पाडलेला होता. मी वळून पाहिलं तर सगळे फरशीकडं बघत होते.

"मीच खुनावलं संतोषला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "थोरले असेच उठून गेले, जावईबापू. आता लेकीला डोळं भरून पाहावं म्हनलं तर तिच्या मागं एसटीच्या स्टँडवर जाऊन उभं राहावं लागतंय. तुमी चुकलेलं दिसलं असतं अन् तुमी बी रुसले असते, तर मी काय केलं असतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माउली आपली लेक राखायला भर उन्हात पंखा बंद करून बसली होती, आणि मी तिच्या नवऱ्याचं तोंड परातीत घालत होतो!

"आई, मेन वर करा. माझं चुकलं. खुनी फोटोग्राफरच."

"असं म्हनू नका! अधिकात जावई चुकत न्हाई!"

"अधिकात कबूल केलेली चूक पुण्यात धरतात," मी ठोकून दिलं. जावईच बोलला म्हटल्यावर तेही त्यांना पटलं.

आधी सबस्टेशनवाल्याची माफी मागितली. मग साडूंना फोन लावला आणि परातीसकट सगळी हकीकत सांगितली.  पलीकडं एकदम हसू फुटलं.

"अहो, मी बी आचारीच म्हनलो व्हतो! कालपासून पोरं हसून राह्यलीत माज्यावर!"

"मग इकडंच या की. इथं हसत नाहीत, मेन पाडतात."

पुढच्या शनिवारी ते खरंच आले, थोरलीला घेऊन मुक्कामाला; आम्हीही पुन्हा गेलो. साडू धोंडे खात होते आणि सासूबाई तुपाची वाटी हातात धरून नुसत्या बघत उभ्या होत्या. रात्री मालिकेचा नवा भाग लागला. आम्ही दोन्ही जावयांनी पहिल्याच मिनिटाला एकमतानं खुनी म्हणून बागेतल्या माळ्याचं नाव घेतलं, आणि संतोष सवयीनं हात धुवायला उठला. सासूबाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

आता त्या घरात मालिका लागली की सगळे आधी मला फोन करून विचारतात, "दाजी, खुनी कोन?" मी नाव सांगतो, आणि त्या माणसावरचा सगळ्यांचा संशय तिथल्या तिथे फिटतो.